जुन्या गाडीच्या मूळ मीटरमध्ये ऑइल प्रेशर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, मुलुंड आणि खाडीपलीकडे वाशी-नेरुळ या पट्ट्यात पद्मिनी, ॲम्बेसेडर, हेरल्ड, जीप जिवापाड जपणारे बरेच जण आहेत. डॅशबोर्डचं मूळ रूप न बिघडवता, त्यातल्याच एखाद्या मीटरमध्ये ऑइल प्रेशर कसं दाखवायचं, हा प्रश्न त्यांच्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी पडतो. काम स्वतः करा नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, खालची उत्तरं आधी वाचा. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: काटा जे दाखवेल ते खरं असलं पाहिजे. प्रेशर वीसवर आलेलं असताना चाळीस दाखवणारा सुंदर मीटर लावण्यापेक्षा मीटर न लावलेला बरा.

लाल दिवा आहे की! मग काट्याची गरज काय?

ऑइलचा लाल दिवा ज्या स्विचवर चालतो तो साधारण ३ ते ७ पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास उघडझाप करतो. म्हणजे प्रेशर जवळजवळ संपल्यावरच दिवा लागतो. घोडबंदर रोडवर साठच्या वेगाने चाललेल्या गाडीत प्रेशर ४५ वरून २० पर्यंत घसरलं तरी दिवा गप्पच राहणार. जुन्या इंजिनांसाठी मेकॅनिक मंडळी एक ढोबळ हिशोब सांगतात, तो आजही कामाचा आहे: दर हजार आरपीएममागे निदान १० पीएसआय. तीन हजारावर २० दिसत असेल तर बेरिंगना तेल पुरत नाही, आणि दिव्याला त्याचा पत्ताही नसतो.

दिव्याला दिसत नाही असं आणखीही एक दुखणं आहे. पद्मिनीसारख्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनवरच बसवलेला, मेकॅनिकल असतो. त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल हळूहळू खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठतं तिथे, उतरतं आणि तेल पातळ होतं. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसतं, मालक खूश होतो, आणि आत बेरिंग घासत असतात. रोजच्या रस्त्यावर काटा नेहमीपेक्षा आठ-दहा पीएसआय खाली दिसू लागला की डिपस्टिक काढून वास घ्यायचा. पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच थांबवायची, पंप बदलायचा, तेल बदलायचं. ही सूचना वेळेवर देणारं डॅशबोर्डवर दुसरं काही नाही.

काटा बसवल्यावर दिवा काढून टाकला तर चालेल?

नाही. काट्याकडे आपण अधूनमधून बघतो, दिवा आपलं लक्ष खेचून घेतो. तीन हात नाक्यावर रिक्षा, बस आणि दुचाकी सांभाळत असताना कोणी मीटर वाचत बसत नाही. दोन्ही ठेवा. कसे ठेवायचे ते पुढे आलं आहे.

डॅशबोर्डखाली पट्टी लावून वेगळा मीटर बसवला तर?

उत्तम, आणि सगळ्यात सोपं. पत्र्याला भोक न पाडता, आधीच असलेल्या एखाद्या स्क्रूला पट्टी अडकवून बसवा. पुष्कळांनी इथेच थांबायला हरकत नाही. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपला तर ऑइल प्रेशरचा काटा कंपनीतूनच असायचा. तो बंद असेल तर नवा काही बनवू नका, तोच दुरुस्त करून घ्या.

मूळ मीटरमध्ये प्रेशर दाखवायचं काम त्यांच्यासाठी, ज्यांना डॅशबोर्ड कारखान्यातून आला तसाच दिसायला हवा आहे. ही हौस मला मनापासून पटते. त्या काळच्या डायलचा तो मळकट पिवळा प्रकाश, त्या काट्याची जाडी, काचेचा फुगीरपणा, यापुढे बाजारातला निळा एलईडी मीटर उपरा वाटतो. पण या हौसेला वेळ द्यावा लागतो.

कोणत्या मीटरमध्ये बदल करावा?

बंद पडलेलं घड्याळ असेल तर त्याची जागा पहिली. आत पुष्कळ मोकळी जागा असते आणि ते काढल्याने गाडी चालवताना काही अडत नाही.

ॲमीटरची, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरची जागा दुसरी, पण सांभाळून. जुन्या वायरिंगमध्ये स्टार्टर सोडून गाडीचा जवळजवळ सगळा करंट ॲमीटरमधून जातो. तो काढला की मागच्या दोन जाड वायरी एकमेकींना पक्क्या जोडाव्याच लागतात: लग क्रिंप करून, नटबोल्टने आवळून, वर हीट श्रिंक चढवून. नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेल्या वायरी तापतात आणि डॅशबोर्डमागे आग लागते. हे काम ज्याला रोजचं आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

टेंपरेचरच्या मीटरला हात लावू नका. मे महिन्यात कापूरबावडीच्या सिग्नलला अडकलात की टेंपरेचर आणि ऑइल प्रेशर दोन्ही एकाच वेळी बघावं लागतं. पेट्रोलचा मीटर, स्पीडोमीटर, किलोमीटरचे आकडे यांनाही तसंच सोडा.

आणि काहीही करा, स्वतःच्या गाडीचा मूळ मीटर कापू नका. भंगारातून तसाच दुसरा आणा, त्यावर काम करा, आणि मूळचा कागदात गुंडाळून, त्यावर तारीख लिहून कपाटात ठेवा.

तसा दुसरा मीटर कुठे मिळेल?

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, नाहीतर चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर. प्रीमिअर पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. तोवर टॅक्सी भंगारात जात होत्या आणि मीटर मिळत होते. आता तो झरा आटत चालला आहे, त्यामुळे चांगला मीटर दिसला तर गरज नसतानाही घेऊन ठेवा.

घेताना काच आणि रिंग बघू नका, ती बदलता येते. मीटर हातात धरून हळूच डोलवा. काटा सहज हलून परत जागेवर आला पाहिजे. अडखळला तर आतला पिव्होट, म्हणजे काटा ज्यावर फिरतो तो आस, गंजला आहे असं समजा. शक्यतो त्याच गाडीचा पेट्रोलचा मीटर घ्या: काटा, उजेड, डायलचा रंग सगळं जुळतं आणि आतली यंत्रणा घड्याळाच्या किंवा ॲमीटरच्या जागी आपल्याला उपयोगी पडते.

पेट्रोलच्या मीटरला प्रेशरचा सेंडर सरळ जोडला तर?

काटा हलेल, पण बरोबर दाखवेलच असं नाही. कदाचित उलटाही जाईल, म्हणजे इंजिन बंद असताना काटा फुल्लवर आणि सुरू केल्यावर खाली. असं का होतं ते नीट समजून घ्या, सगळ्या कामाचा गाभा हाच आहे.

सेंडर म्हणजे प्रेशरप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. युरोपियन पद्धतीचा सेंडर शून्य प्रेशरला १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला १८० ओहम दाखवतो. प्रेशर वाढतं तसा त्याचा रेझिस्टन्स वाढतो. अमेरिकन पद्धतीचा शून्याला २४० आणि पूर्ण प्रेशरला ३३ ओहम. प्रेशर वाढतं तसा तो घटतो. तुमचा मीटर कमी ओहमला फुल्ल दाखवत असेल तर २४०-३३ वाला सेंडर लागेल, जास्त ओहमला फुल्ल दाखवत असेल तर १०-१८० वाला. सेंडर आधी विकत घेऊन मग मीटरशी झटापट करणारे पुष्कळ भेटतात. क्रम उलटा ठेवा: आधी मीटर ओळखा, मग सेंडर घ्या.

मीटरच्या आत कोणती यंत्रणा आहे तेही बघा. चावी ऑन केल्यावर काटा सावकाश वर चढून, काही सेकंदांनी स्थिरावत असेल तर आत बायमेटल पट्टी आहे: करंटने ती तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. काटा झटकन उडी मारत असेल तर कॉइलवाला मीटर आहे. बायमेटलच्या मीटरला बहुधा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो बॅटरीचे १२-१४ व्होल्ट सरासरी १० वर आणतो. आपल्या नव्या मीटरलाही त्याच स्टॅबिलायझरमधून करंट द्या. सरळ बॅटरीला जोडलात तर काटा कायम जास्त दाखवेल, आणि डायनॅमोच्या चार्जिंगप्रमाणे वरखाली होईल.

मला प्रेशरसाठी कॉइलवाला मीटर आवडतो, कारण तो लगेच बोलतो. बायमेटल मागून येतो. मिळाला तोच बायमेटल असेल तरी हरकत नाही. अचानक काही झालं तर सांगायला दिवा आहेच.

मीटर ओळखायचा कसा?

लॅमिंग्टन रोडवरून ५ वॉटचे वायरवाउंड रेझिस्टर आणा: १०, ३३, ६८, १००, १५०, १८० आणि २४० ओहम किंवा त्याच्या जवळपासचे. मीटर टेबलावर डॅशबोर्डवर बसतो त्याच कोनात उभा करा. आडवा ठेवला तर काही मीटर वेगळं दाखवतात. २ ॲम्पिअरचा फ्यूज लावून बॅटरीचा पॉझिटिव्ह द्या (बायमेटलच्या मीटरला स्टॅबिलायझरमधून) आणि सेंडरच्या टोकाला एकेक रेझिस्टर लावून तो निगेटिव्हला जोडा. दर वेळी काटा पूर्ण थांबेपर्यंत धीर धरा आणि डायलच्या कडेला चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर टोकदार पेन्सिलीने खूण करा, शेजारी ओहम लिहा. सुरुवात मोठ्या रेझिस्टरपासून करा. लहान रेझिस्टन्समधून जास्त करंट जातो, त्यामुळे एखाद्या मीटरचा काटा १५० ला शेवटच्या टोकावर पोचला तर त्याच्या खाली जाऊ नका.

पट्टीवर २४० पासून ३३ पर्यंत खुणा डावीकडून उजवीकडे पसरल्या असतील तर तुमचं नशीब चांगलं. खुणा एका कोपऱ्यात दाटीने आल्या तर सेंडरच्या रांगेत (सिरीज) किंवा समांतर (पॅरलल) एखादा रेझिस्टर लावून पसराव्या लागतात. रांगेत लावलेला रेझिस्टर सगळे आकडे सारखेच वर सरकवतो; समांतर लावलेला मोठे आकडे जास्त दाबतो, लहान कमी. १०-१८० च्या सेंडरला समांतर १८० ओहम लावला तर वरचं टोक ९० वर येतं आणि खालचं १० वरून जेमतेम साडेनऊवर. हा हिशोब कागदावर आधी मांडा, मग सोल्डरिंगला बसा.

काटा खरं दाखवतो हे कसं पडताळायचं?

ही पायरी गाळू नका. यासाठी इंजिन लागत नाही, तेलही लागत नाही. सेंडरला आत हवा आहे की तेल, याने फरक पडत नाही. तो फक्त दाब ओळखतो.

पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड घ्या. एका तोंडाला सेंडर, दुसऱ्याला तपासणीचा मेकॅनिकल मीटर, तिसऱ्याला नटाने बसणारा ट्यूबलेस टायरचा धातूचा व्हॉल्व्ह. तपासणीचा मीटर ० ते १०० पीएसआयचा, ग्लिसरीन भरलेला घ्या, त्याचा काटा थरथरत नाही. हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात तो मिळतो. सेंडरच्या अंगाला क्रोकोडाइल क्लिप लावून बॅटरीचा निगेटिव्ह द्या. मग सायकलचा पंप लावून सावकाश हवा भरा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नको, तो एका झटक्यात शंभरच्या वर नेतो आणि सेंडरचा पडदा फाडतो.

सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. मग ०, १५, ३०, ४५, ६० अशा प्रत्येक आकड्यावर थांबा, आणि डॅशबोर्डचा मीटर जिथे काटा दाखवेल तिथे कागदी डायलवर खूण करा. वर चढताना एकदा, हवा सोडत खाली उतरताना एकदा. दोन्ही खुणांमध्ये काट्याच्या जाडीपेक्षा जास्त फरक पडला तर सेंडर किंवा पिव्होट चिकटतो आहे. चार्जर लावून बॅटरी १४ व्होल्टच्या आसपास आणा आणि सगळं पुन्हा करा. गाडी चालू असताना व्होल्टेज तेवढंच असतं.

खुणा समान अंतरावर येणार नाहीत. १५ ते ३० मधलं अंतर ४५ ते ६० च्या दुप्पटही असू शकतं. तसंच राहू द्या. डायल काट्याप्रमाणे छापायची. छापील डायलला जुळावा म्हणून काटा वाकवायचा नाही.

डायल मूळसारखी कशी छापायची?

मूळ डायल ६०० डीपीआय किंवा त्याहून जास्तीवर स्कॅन करा, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा आणि अक्षरं हाताने पुन्हा काढा, आणि पडताळणीत मिळालेल्या कोनांवर आकडे बसवा. स्कॅनमधली अक्षरंच कापून चिकटवण्याचा मोह टाळा, कडा फाटलेल्या दिसतात. वॉटरस्लाइड डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील स्टिकर) बारीक कामासाठी चांगलं. पण जुन्या डायलवर मागून उजेड येतो की कडेने, ते बघा: मागून येत असेल तर आकडे पारदर्शक हवेत, आणि त्यासाठी स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडेच जावं लागतं. ठाण्यात लग्नपत्रिका छापणारे अजून हे काम करतात, एक-दोन नग असले तरी समजावून सांगितल्यावर तयार होतात. मूळ डायल पांढरीशुभ्र नसते. पन्नास वर्षांत ती साय धरल्यासारखी पिवळी झालेली असते. शेजारच्या मीटरशी रंग जुळवायचा तर नमुना घेऊन उन्हात उभं राहून बघा, ट्यूबलाइटखाली नव्हे.

मीटर उघडताना काय सांभाळावं?

रिंग दोन प्रकारांनी बसलेली असते. काहींची फिरवून खाचा जुळल्या की निघते. बाकीच्यांची कड मागे दुमडलेली असते, ती लहान चपट्या स्क्रूड्रायव्हरने गोल फिरत थोडी थोडी उचलायची. एका जागी जोर दिलात तर क्रोम तडकतो. काटा काढण्याआधी तो शून्यावर नेमका कुठे टेकतो त्याचा फोटो काढा. मग डायलवर कागद ठेवून दोन बाजूंनी दोन चमचे सरकवा आणि दोन्ही एकदम दाबा. काटा सरळ वर निघतो. हाताने ओढलेला काटा पिव्होट वाकवूनच येतो.

एक धोका खास लष्करी वारशाच्या गाड्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या काही डायलवर अंधारात चमकणारा रंग खऱ्या, किरणोत्सारी रेडियमचा आहे. आता तो चमकत नसला तरी किरणं चालूच आहेत. असा रंग खरवडू नका, त्याची पूड नाकातोंडात जाऊ देऊ नका. ती डायल उघडूच नका.

इंजिनवर सेंडर कुठे बसवायचा? आटे जुळत नाहीत.

जिथे लाल दिव्याचा स्विच आहे तिथेच. पण आटे मोजल्याशिवाय काही फिरवू नका. १/८ एनपीटीला (अमेरिकन माप) इंचात २७ आटे असतात, १/८ बीएसपीटीला (ब्रिटिश माप) २८. दोन्ही दिसायला सारखे, सुरुवातीचे दोन-तीन फेरे सहज जातात आणि मग अडकतात. मेकॅनिकने मोठा पाना लावून जोर दिला की ब्लॉकमधले आटे गेलेच. मेट्रिकमध्ये एम१० बाय १ आणि एम१४ बाय १.५ बरेचदा दिसतात. आट्यांचा गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नाहीतर जुना स्विच खिशात घालून वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडे जा. तो मोजून पितळी ॲडॉप्टर करून देईल. पितळच सांगा, लोखंडाचा ॲडॉप्टर ओतीव ब्लॉकमध्ये गंजून बसतो.

दिवा आणि काटा दोन्हीसाठी टी लागतो, पण टीला दोन जड वस्तू लटकवून तो सरळ ब्लॉकमध्ये फिरवणं मला मान्य नाही. इंजिन थरथरतं, सेंडर डब्यासारखा जड असतो, आणि एक दिवस पितळ मानेशी तुटतं. तुटलं की तेल काही मिनिटांत रस्त्यावर. त्यापेक्षा ब्लॉकमधून एक लहान, तेलासाठी बनवलेला, दोन्ही टोकांना क्रिंप केलेला हायड्रॉलिक होज काढा आणि टी, स्विच, सेंडर तिघांना फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) किंवा ॲप्रनवर पट्टीने घट्ट बसवा. होज एक्झॉस्टपासून दूर ठेवा.

आट्यांना टेफ्लॉन टेप लावावी का?

लावू नका. एक तर सेंडर आणि स्विच दोन्ही अर्थिंग आट्यांतूनच घेतात, आणि टेपचा थर ते तोडतो. मग काटा भलतंच दाखवतो आणि सगळे सेंडरला दोष देत बसतात. दुसरं म्हणजे टेपचा तुकडा आत गेला तर तो तेलाच्या वाटेत जाऊन अडकतो. तेलाला टिकणारा द्रव सीलंट घ्या, पहिले दोन आटे कोरडे ठेवून पुढे पातळ लावा. होजवर सेंडर बसवला असेल तर त्याच्या अंगापासून चेसिसपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर लागेलच, कारण रबरातून करंट जात नाही.

मेकॅनिकल मीटर लावला तर वायरिंगची कटकट नाही. तोच का नको?

युजेन बूर्दोंने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी नळी आजही त्यात असते, आणि अचूकपणात तिला तोड नाही. मात्र त्यात गरम तेल खरोखर केबिनमध्ये, तुमच्या गुडघ्यांपर्यंत येतं. तांब्याची नळी थरथरून कडक होते आणि तडकते, नायलॉनची एक्झॉस्टजवळ वितळते. लावायचाच असेल तर तांब्याच्या नळीला इंजिन आणि बॉडीच्या मध्ये दोन-तीन वेटोळी द्या आणि फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला. तपासणीसाठी मात्र मेकॅनिकलच वापरा.

आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि छोटी स्टेपर मोटर वापरून मूळ काटा फिरवता येईल का?

येतो, आणि घड्याळाच्या जागेसाठी हा मार्ग चांगला आहे. एक्स२७ जातीची मोटर काट्यासाठीच बनलेली असते, ३१५ अंशांपर्यंत फिरते आणि तिचं एक पाऊल अंशाच्या तिसऱ्या भागाइतकं असतं. सोबत ० ते १०० पीएसआयचा, ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा सेन्सर घ्या. गणित सोपं: ०.५ व्होल्ट म्हणजे शून्य, आणि पुढे दर ०.०४ व्होल्टला एक पीएसआय. इथे डायल समान भागांत छापता येते. तीन अटी पाळा. पाच व्होल्टचा पुरवठा गाडीसाठी बनवलेल्या रेग्युलेटरमधून घ्या, कारण जुन्या डायनॅमोचे झटके मोबाइल चार्जरचा सर्किट बोर्ड सहज जाळतात. व्होल्टेज ०.५ च्या बरंच खाली गेलं तर वायर तुटली आहे, तेव्हा काटा शून्याच्याही खाली जाऊन थांबेल असं प्रोग्राममध्ये लिहा. आणि लाल दिव्याची वायर या सगळ्यापासून वेगळी ठेवा. प्रोग्राम अडकला तरी दिवा लागला पाहिजे.

माझी गाडी ६ व्होल्टची किंवा पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली) आहे.

मग मीटर, सेंडर आणि स्टॅबिलायझर तिघेही त्याच व्होल्टेजचे आणि त्याच अर्थिंगचे लागतील. आर्डुइनोचा मार्ग सोडा. मेकॅनिकल लावा.

काटा किती असावा?

तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच खरं. मॅन्युअल नसेल तर लहान जुन्या पेट्रोल इंजिनांचा अंदाज असा: सकाळी थंड इंजिनला ५० ते ६०, पूर्ण तापल्यावर चालत्या गाडीत ४० ते ५०, तापलेल्या इंजिनला आयडलवर १५ ते २५. थंड इंजिनचा आकडा बघून समाधान मानू नका, घट्ट तेल झिजलेल्या इंजिनलाही चांगलं प्रेशर दाखवतं. खरा आकडा तापलेल्या इंजिनचा. येऊरच्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी न्या, वर पोचल्यावर आयडलला सोडा आणि काटा वाचा. हा आकडा महिन्यातून एकदा वहीत लिहा. आकडा किती आहे यापेक्षा तो महिन्यामहिन्याला कुठे सरकतो आहे, यात जास्त कळतं.

प्रेशर कमी आहे. जाड तेल टाकलं तर?

काटा वर येईल. बेरिंग भरून येणार नाहीत. गाडी २०डब्ल्यू५० वर चालावी असं मॅन्युअल सांगत असेल तर तेच टाका, त्याहून जाड नको. थंड इंजिनमध्ये जाड तेल वरच्या भागात उशिरा पोचतं. आधी मेकॅनिकल मीटर लावून प्रेशर खरंच कमी आहे का ते बघा. मग सम्प उतरवून सक्शनची जाळी, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग, पंपाचे गिअर या क्रमाने. स्वस्तातलं आधी. हे सगळं ठीक निघालं तरच क्रँकच्या बेरिंग शेलकडे जा.

चालता चालता काटा शून्यावर आला तर?

दिवाही लागला असेल तर विचार करत बसू नका. क्लच दाबा, इंजिन बंद करा, गाडी आहे त्या वेगाच्या ओघात कडेला घ्या. ब्रेकला व्हॅक्यूम सर्व्हो (ब्रेक हलका करणारी यंत्रणा) असेल तर इंजिन बंद झाल्यावर ब्रेक जड होतो, हे ध्यानात ठेवा. गायमुखच्या उतारावर असाल तर आधी गाडी थांबवायचं बघा, इंजिन नंतर. डिपस्टिक बघा, गाडीखाली तेल बघा, आणि टो करून न्या. "जवळच तर आहे घर" म्हणून पुन्हा सुरू केलेल्या इंजिनचा क्रँक त्याच किलोमीटरमध्ये जातो.

काटा शून्यावर पण दिवा विझलेला असेल तर बहुधा वायरच. २४०-३३ च्या सेंडरची वायर तुटली की काटा शून्यावर पडतो, बॉडीला चिकटली की फुल्लवर जातो. १०-१८० मध्ये नेमकं उलटं: तुटली की टोकाला, चिकटली की शून्याला. आपला सेंडर कुठला, हे बोनेटच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवा. तरीही थांबून, डिपस्टिक बघूनच पुढे जा.

पावसाळ्यात काटा उड्या मारतो.

सेंडरच्या टोकावरची हिरवी बुरशी आणि अर्थिंगचा गंज. खाडीकाठच्या हवेत हे होणारच. टोकं घासून पांढरी करा, सिलिकॉन ग्रीस लावा, वर रबरी टोपी घाला. जूनच्या आधी एकदा हे केलं की दिवाळीपर्यंत चिंता नाही. काचेच्या आत वाफ धरत असेल तर रिंगखालचं रबर बदला. हीटर नसलेल्या गाडीत ती वाफ आपोआप जात नाही.

आरटीओची परवानगी लागते का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा संबंध नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी जुळत नाही अशा बदलांशी आहे. डॅशबोर्डवर कोणता मीटर आहे हे त्या प्रमाणपत्रात नसतंच, त्यामुळे एमएच-०४ असो की एमएच-४३, यासाठी अर्ज करावा लागत नाही.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर २०२१ चे नियम बघा. त्यात गाडी मूळ रूपात असावी आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. मंजुरी मिळाली की नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची असते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि नूतनीकरणाचं ५,००० रुपये. एवढं मात्र लक्षात घ्या की अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. होज, टी आणि मीटर तासाभरात काढून मूळचा स्विच परत बसवता येईल असं काम केलेलं असलं म्हणजे तपासणीच्या दिवशी अडचण येत नाही. कपाटात ठेवलेला मूळ मीटर आणि स्विच सोबत घेऊन जा, आणि गाडी कधी विकलीत तर ते दोन्ही आणि ओहमच्या खुणांची ती कागदी पट्टी नव्या मालकाच्या हातात द्या.